गावातले वाचनालय नोकरी शोधणाऱ्यांच्या उपयोगी कसे पडेल?

बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातील आपल्या गावच्या वाचनालयात नोकरी नसलेली मुले-मुली दुपारभर येऊन बसतात आणि त्यांच्यासाठी स्पर्धा परीक्षांची पुस्तके आणण्यापलीकडे काही करता येईल का, असे आपण विचारले आहे. बेळगावच्या एका उपनगरातील वाचनालयाच्या कार्यकारिणीवर मी काही वर्षे काम केले आहे, त्या अनुभवावरून लिहितो. पुस्तके जरूर आणावीत. परंतु त्याआधी एक टेबल, एक संगणक आणि अर्ज भरताना उमेदवाराच्या शेजारी बसणारा एक जाणता माणूस, एवढी व्यवस्था करावी.

असे म्हणण्याला कारण आहे. आमच्याकडे येणाऱ्या एका मुलीने पहिली ते दहावीचे शिक्षण खेड्यातील मराठी शाळेत घेतले होते. कर्नाटक शासनाच्या भरतीत अशा उमेदवारांसाठी ग्रामीण आरक्षण असते, मात्र त्यासाठी मुख्याध्यापकांनी दिलेला आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांची सही असलेला दाखला लागतो. तिने सायबर कॅफेत अर्ज भरला, तेव्हा तो दाखला हाती नव्हता, म्हणून भरणाऱ्याने त्या रकान्यात सरळ ‘नाही’ लिहिले. यादी लागली तेव्हाच तिला हे कळले, आणि तोवर दुरुस्तीची मुदत केव्हाच संपली होती. तिच्या अभ्यासात काहीही कमी नव्हते. त्या दिवसापासून आम्ही नेहमी लागणाऱ्या दाखल्यांची यादी मराठीत लिहून भिंतीवर लावली : कोणता दाखला नाडकचेरीतून, म्हणजे महसूल खात्याच्या स्थानिक कार्यालयातून मिळतो, कोणता शाळेतून, आणि एसएसएलसीच्या (दहावीच्या) मार्क्स कार्डावरचे नाव आधारशी जुळत नसेल तर काय करावे लागते. जाहिरात येण्याची वाट न पाहता हे कागद आधीच काढून ठेवायला सांगणे, हे वाचनालयाचे मोठे काम आहे, असे मला मनापासून वाटते.

दुसरी गोष्ट माहितीची. सीमाभागातील मराठी मुलाला तीन दिशांनी पाहावे लागते आणि तिन्हींकडची माहिती एका ठिकाणी त्याला कोणीच देत नाही. कर्नाटकातील भरतीसाठी कन्नड चांगले यावे लागते. म्हणून संध्याकाळी तासभर कन्नड शिकवणारे एखादे निवृत्त शिक्षक मिळाले, तर त्यांना आदराने बोलवावे. केंद्राच्या नोकऱ्यांत मात्र आपल्या भाषेला बरीच जागा आहे. रेल्वे भरतीची संगणकावरील परीक्षा मराठीत देता येते, आणि केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांच्या शिपाई भरतीची परीक्षा 2024 पासून हिंदी-इंग्रजीखेरीज 13 प्रादेशिक भाषांत होते, त्यांत मराठी आणि कन्नड दोन्ही आहेत. तिसरी दिशा महाराष्ट्राची : तेथील शासकीय जाहिरातींत, महाराष्ट्राने सीमावादात दावा सांगितलेल्या कर्नाटकातील 865 गावांच्या मराठी उमेदवारांसाठी, 15 वर्षांच्या वास्तव्याचा विहित नमुन्यातील दाखला जोडल्यास, अर्ज करण्याची तरतूद असते. आपले गाव त्या यादीत आहे की नाही, हे वाचनालयात विचारताच समजले पाहिजे.

सगळ्यांनाच सरकारी नोकरी मिळणार नाही, हेही मुलांना प्रेमाने सांगावे लागते. बेळगावच्या उद्यमबाग आणि मच्छे या औद्योगिक भागांतील कारखान्यांत टर्नर, फिटर, मशीन चालवणारे लागतात, आणि त्या जागा बहुधा ओळखीतूनच भरल्या जातात. ज्यांची ओळख नाही त्यांच्यासाठी वाचनालयाचा फलक ही ओळख होऊ शकते. गावातून रोज तिकडे कामाला जाणाऱ्या चार जणांना एवढेच सांगून ठेवावे की, जागा निघाली की चिठ्ठी आणून द्या. पदवी किंवा डिप्लोमा होऊन सहा महिने उलटले तरी काम नसलेल्यांना कर्नाटक शासनाच्या ‘युवा निधी’ या बेरोजगार भत्त्याची आठवण करावी : पदवीधरांना महिना 3000 आणि डिप्लोमाधारकांना 1500 रुपये, जास्तीत जास्त दोन वर्षे, आणि अर्ज शासनाच्या सेवा सिंधू पोर्टलवर.

खर्चाविषयी आपण संकोच करू नये. कर्नाटकात 1965 च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली मालमत्ता करावर ग्रंथालय उपकर घेतला जातो, म्हणजे गावकऱ्यांनी वाचनालयासाठी पैसे भरलेलेच आहेत. आपले वाचनालय ग्रामपंचायतीचे असेल, तर संगणक आणि इंटरनेटची मागणी पीडीओंकडे (पंचायत विकास अधिकाऱ्यांकडे) लेखी करावी व पोच घ्यावी. संस्थेचे असेल, तर माणसे गावातच आहेत. कडोली, उचगावसारख्या गावांत मराठी साहित्य संमेलने भरवणारे कार्यकर्तेच रविवारी दोन तास अर्जाच्या टेबलावर बसू शकतील.

एक काळजी मात्र घ्यावी. उमेदवाराचा पासवर्ड आणि ओटीपी त्याने स्वतःच टाकावा, आणि शुल्क भरण्याआधी संपूर्ण अर्ज त्याला मोठ्याने वाचून दाखवायला सांगावे. आमच्याकडे बहुतेक चुका या वाचनातच सापडत.