मागच्या चाकाचा अडकलेला ड्रम

प्रश्न : जुन्या मोटारीचे मागचे ब्रेक शू बदलण्यासाठी मी आणि माझा मित्र दोन रविवार अंगणात खपलो. चाक निघाले, पण ठोकून ठोकून हात दुखले तरी ड्रम, म्हणजे शूंवरचे डब्यासारखे झाकण, हलत नाही. काय करावे?
– एक वाचक, आर्वी तालुका, जि. वर्धा

उत्तर : आधी हँडब्रेक सोडलेला आहे का, ते पाहावे, गाडी घरंगळू नये म्हणून तो ओढून ठेवला असेल, तर शू ड्रमला आतून धरून बसतात. त्याऐवजी पुढच्या चाकांना दगड लावावेत. मधल्या टोपीखाली मोठा नट असेल, तर तोही काढावा लागतो. बऱ्याच ड्रमच्या तोंडावर गंजाने बुजलेली, आटे असलेली दोन भोके असतात. ती तारेने कोरून त्यांत बसणारे, बहुधा ८ मिलिमीटरचे, बोल्ट आळीपाळीने अर्धा-अर्धा फेरा पिळल्यास ड्रम सरळ बाहेर सरकतो. हातोडी मात्र मित्राकडून काढून घ्यावी, कारण कडेवर घाव बसल्यास ड्रमचे बीड, म्हणजे ओतीव लोखंड, तडकते. आपल्याकडच्या काळ्या मातीत जॅक रुततो, म्हणून खाली जाड फळी आणि गाडीखाली स्टँड हवाच. आतली धूळ फुंकू नये, ओल्या फडक्याने टिपावी. दुसऱ्या बाजूचा ड्रम तूर्त उघडू नये. स्प्रिंगांची मांडणी विसरल्यास तीच बाजू नमुन्याला उपयोगी पडेल.