तीस रीडिझाइन आणि एक निळं बटण

प्रश्न: नमस्कार ताई, मी पुण्यात एका डिझाइन कॉलेजमध्ये यूएक्स, म्हणजे सॉफ्टवेअर वापरायला सोपं कसं करायचं ते शिकवते. मागच्या सेमिस्टरला थर्ड इयरच्या ३० मुलांना ओपन सोर्सची, म्हणजे ज्याचा कोड कोणालाही बघता-बदलता येतो अशा सॉफ्टवेअरची असाइनमेंट दिली होती. मुलांनी एका सॉफ्टवेअरचं पूर्ण रीडिझाइन करून एकाच आठवड्यात इश्यू म्हणून, म्हणजे त्या प्रोजेक्टच्या तक्रारी-सूचनांच्या यादीत टाकलं, काहींनी वर नवीन लोगोपण. तिसऱ्या दिवशी मेंटेनरने, म्हणजे ते सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्याने, सगळे इश्यू बंद केले, खाली एक ओळ, आम्ही हे मागितलं नव्हतं. मुलं खट्टू, मीही. या लोकांना डिझायनर नकोच असतात का? यंदा परत करू की नाद सोडू?
– एक प्राध्यापिका, पुणे

उत्तर: मॅडम, स्पष्ट बोलते, राग मानू नका. तुमचा स्वयंपाक चाललाय आणि ३० अनोळखी माणसं आत आली, म्हणाली तुमचा ओटाच चुकलाय, हे घ्या नवं ड्रॉइंग, बांधा आता तुम्हीच, तर तुम्ही काय कराल? चहा तर नक्की विचारणार नाही. हा मेंटेनर बऱ्याचदा दिवसा नोकरी करून रात्री दहानंतर लॅपटॉप उघडणारा माणूस असतो हो, त्याने ३० पीडीएफ कधी वाचायच्या.

पण डिझायनर नको असतात हे काही खरं नाही. ब्लेंडर या थ्रीडीच्या ओपन सोर्स सॉफ्टवेअरमध्ये वर्षानुवर्षं सिलेक्ट करायला राइट क्लिक होतं, नवीन माणूस पहिल्या मिनिटालाच गांगरायचा, जुलै २०१९ ला त्याचं २.८० व्हर्जन आलं तेव्हा इंटरफेस पार बदलला आणि लेफ्ट क्लिक डिफॉल्ट झालं. स्वरलेखनाच्या म्यूझस्कोअरचं तर त्याहून भारी, मार्टिन कीअरी नावाच्या माणसाने व्हिडिओ करून त्याच्या इंटरफेसची यथेच्छ धुलाई केली आणि त्या लोकांनी त्यालाच डिझाइनचं काम दिलं. फक्त तो स्वतः संगीतकार आहे, त्यात स्वरलेखन करताना कुठे अडतं ते त्याला बोट ठेवून दाखवता येत होतं. तुमच्या मुलांपैकी किती जणांनी ते सॉफ्टवेअर महिनाभर वापरलं होतं?

यंदा असं करा. प्रोजेक्ट एकच घ्या आणि सेमिस्टर सुरू व्हायच्या महिनाभर आधी मेंटेनरला तुम्ही स्वतः लिहा, की आमच्याकडे इतकी मुलं आहेत, इतके आठवडे आहेत, तुमचं कुठे अडलंय. उत्तर आलं नाही तर दुसरा प्रोजेक्ट बघा. आणि पहिले पाच-सहा आठवडे कोणालाही फिग्मा किंवा दुसरं डिझाइनचं सॉफ्टवेअर उघडू देऊ नका, नुसतं माणसांना वापरताना बघायचं, चार-पाच माणसं, एक काम, आणि आपलं तोंड बंद. हे तोंड बंदच सगळ्यात अवघड जातं.

मी एकदा सासूबाईंना भिशीचा हिशोब करायला एका ओपन सोर्स स्प्रेडशीटवर बसवलं होतं. आकडे मस्त भरले, बेरीज जमली, सेव्ह करताना कुठल्या फॉरमॅटमध्ये ठेवू असं विचारणारी खिडकी आली. त्यांनी ती दोनदा मोठ्याने वाचली, माझ्याकडे बघितलं, मी पंख्याकडे बघितलं, मग त्यांनी निळं बटण दाबलं आणि फाइल भिशीच्या ग्रुपवर टाकली, ती कोणाच्याच मोबाइलवर उघडेना. निळंच का दाबलं विचारलं तर म्हणाल्या, ते निळं होतं म्हणून. मी एवढंच लिहून सोबत स्क्रीन रेकॉर्डिंग जोडून पाठवलं, आणि त्या इश्यूखाली दोन डेव्हलपर आपसात वाद घालायला लागले, म्हणजे कोणीतरी वाचलं तरी.

अजून एक, आणि इथे तुमची मुलं जगातल्या भल्याभल्या डिझायनरच्या पुढे आहेत. मराठी. आचार्यांना आणि आचाऱ्यांना यातला फरक लंडनच्या डिझायनरला कुठून दिसणार? ‘ऱ्य’ लिहिताना मधे कधी कधी जॉइनर नावाचं न दिसणारं चिन्ह असतं, काही सॉफ्टवेअर मजकूर साफ करताना ते उडवतात की झाले आपले आचारी आचार्य! श आणि ल चंही तसंच, चांगल्या देवनागरी फाँटात मराठी आणि हिंदी दोन्ही वळणं असू शकतात, पण ही मराठी आहे असं सॉफ्टवेअरने सांगितलं तरच मराठी वळण येतं. वरच्या मात्रा कापल्या जाणं, ‘डिलीट’च्या बटणात ‘काढून टाका’ न मावणं, असलं शोधायला कोड लागत नाही, डोळा लागतो. फाँट घ्यायचा तर मुंबईच्या ‘एक टाइप’ या फाँट बनवणाऱ्यांचे मुक्ता, बलू ओपन फाँट लायसन्सखाली आहेत, बिनधास्त वापरा.

मार्कांचं म्हणाल तर मर्ज झालं का, म्हणजे काम सॉफ्टवेअरमध्ये घेतलं गेलं का, यावर अजिबात देऊ नका, ते मुलांच्या हातात नसतं, सेमिस्टर संपल्यावर सहा महिन्यांनीही होतं. वहीत कोणाला काय करताना बघितलं आणि स्केच किती वेळा बदललं त्याला द्या.

प्रश्न: ताई, मी यूएक्स डिझाइनचाच, फायनल इयर, नाशिक. कोडिंग शून्य. ओपन सोर्समध्ये पैसे मिळतात का?
– एक विद्यार्थी

उत्तर: गूगल समर ऑफ कोड विसर बाबा, ते कोडवाल्यांचं. आउटरीची नावाची ओपन सोर्समधली इंटर्नशिप बघ, त्यात डिझाइनची कामं असतात, तीन महिने, घरून, ७,००० डॉलर स्टायपेंड. पण ते आपल्या क्षेत्रात डावलल्या जाणाऱ्या लोकांसाठी आहे, अर्जात त्यावर निबंध लिहायचा असतो, शिवाय कॉलेज चालू असेल तर वेळेचे नियम कडक आहेत, आधी ते वाच. पहिली चाळणी पार झाली की प्रत्यक्ष निवडीआधी काही आठवडे प्रोजेक्टवर थोडं काम करून दाखवावं लागतं, त्याचे पैसे नाहीत. फाइल देताना इंकस्केप नाहीतर पेनपॉट या ओपन सोर्स डिझाइन सॉफ्टवेअरमधली दे, म्हणजे समोरच्याला उघडून बदलता येते. नुसता पीएनजी, म्हणजे सपाट चित्राची फाइल, पाठवलास तर तुझं आयकॉन कोणीतरी परत काढत बसेल, किंवा नाही बसणार.