बेटावर फ्लू पोहोचतो कसा आणि त्यावर पाळत कशी ठेवतात?

बेटावर फ्लू येतो तो माणसांबरोबर, पूर्वी बोटीने आणि आता विमानाने. पॅसिफिक महासागरातल्या सामोआ बेटांचंच बघा. ७ नोव्हेंबर १९१८ ला ऑकलंडहून 'टालुन' नावाची बोट आपिया बंदरात लागली. बोटीवर आजारी माणसं होती, तरी उतारूंना उतरू दिलं. पुढच्या काही आठवड्यांत पश्चिम सामोआतली सुमारे ३८,००० पैकी जवळजवळ ८,५०० माणसं गेली. घरंच्या घरं रिकामी झाली. शेजारच्या अमेरिकन सामोआत गव्हर्नर पॉयर यांनी बोटींवर कडक क्वारंटाईन लावलं, तिथं एकही बळी गेला नाही. दोन्हींतलं अंतर बेळगाव-कोल्हापूरपेक्षा फार जास्त नाही! बंदर अडवता आलं म्हणून हे जमलं. आपल्याकडे कोविडात महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरच्या कोगनोळी नाक्यावर गाड्या अडवल्या, पण निपाणी-कागल पट्ट्यात शेतं, सोयरीक, बाजार सगळं दोन्हीकडे. तिथं नाका किती पुरणार?

पाळत मात्र बेटावर आणि आपल्याकडे सारखीच. ठरावीक दवाखान्यांत दर आठवड्याला ताप-खोकल्याचे रुग्ण मोजतात (३८ अंश किंवा जास्त ताप, खोकला, दहा दिवसांच्या आतलं दुखणं), त्यातल्या काहींच्या नाका-घशातला स्वॅब लॅबला जातो. लहान बेटांवर मोठी लॅब नसते, म्हणून नमुने दुसऱ्या देशात पाठवावे लागतात. भारतात हे काम पुण्याची एनआयव्ही (राष्ट्रीय विषाणू संस्था) करते. जगभरचे निष्कर्ष १९५२ पासून डब्ल्यूएचओच्या जाळ्यात एकत्र येतात, त्यावरून लशीतले विषाणू ठरतात.

घरात म्हातारी माणसं असतील तर दरवर्षीच्या लशीबद्दल डॉक्टरांना जरूर विचारा.