घराभोवतीचं रान साफ करायला लोहाराकडचा कोयता घ्यावा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: राहायला ठाण्यात फ्लॅट, पनवेलच्या पुढे वडिलांची सहा गुंठे जागा आणि बंद घर. दोन पावसाळे कोणी फिरकलं नाही, त्यामुळे रान पार ओटीपर्यंत आलंय. ऑनलाइन दिसते ती परदेशी मॅशेटी घ्यावी, लोहाराकडून कोयता करून घ्यावा, की सरळ ब्रश कटर, म्हणजे गवत कापायचं यंत्र, आणावा? आणि कोयता घेतला तर तो लोकलने न्यायचा कसा?

कोयता घ्या, आणि लोहाराकडचाच घ्या. मी घोडबंदर रोडवर ओवळ्याला राहतो. घरामागे चार गुंठे वाडी आणि तिच्या मागे लगेच येऊरचा डोंगर चढायला लागतो. बारा वर्षं हे काम स्वतः करतोय, त्यात एकदा पायही कापून घेतलाय. तेव्हा जे सांगतो ते पुस्तकातलं नाही.

मॅशेटी वाईट नसते, पण ती वेगळ्या रानासाठी आहे. दीड फूट लांब, दोन-तीन मिलिमीटर जाडीचं लवचिक पातं ओल्या, रसाळ खोडावर आणि उंच गवतावर झकास चालतं. तुमच्याकडे मात्र दोन वर्षांची घाणेरी असणार, म्हणजे टणटणी. तिचं बुंध्याकडचं खोड अंगठ्याएवढं झालं की लाकूडच होतं. जोडीला सुबाभूळ, कुडा, कुठेतरी करवंदाची जाळी. अशा लाकडावर पातळ पातं थरथरतं आणि उसळतं. आपला कोयता आखूड, दहा-अकरा इंचांचा, पाठीला पाच-सहा मिलिमीटर जाड आणि टोकाकडे जड असतो. घाव घालताना वजन आपोआप पुढे पडतं, मनगटाला जोर लावावा लागत नाही. शिवाय टोकाला आत वळलेली चोच असते. वेल ओढायला ती लागतेच, पण तिचा खरा उपयोग मला उशिरा कळला: जमिनीलगत घाव घालताना दगडावर आधी चोच आपटते आणि धार वाचते.

आता लोहार. ठाण्यात जांभळी नाक्याच्या बाजारात तयार कोयते टांगलेले दिसतात. त्यातले काही बरे, काही नुसते पत्र्याचे. वेळ असेल तर मुरबाडजवळ म्हसाची यात्रा भरते पौष पौर्णिमेला, तिथे जा. जनावरांचा बाजार आणि घोंगड्यांसाठी ती प्रसिद्ध, पण शेतीची अवजारंही भरपूर येतात, आणि दहा कोयते हातात तोलून बघण्याचं सुख वेगळंच. माझा कोयता मात्र रस्त्याकडेला पाल टाकून बसलेल्या एका घिसाडी कुटुंबाने घडवला. म्हातारा सांडशीत लोखंड धरून ऐरणीवर फिरवत होता आणि त्याची सून समोरून घण मारत होती. एक घाव चुकीच्या जागी पडला नाही. मी तासभर उभा राहून बघितलं.

लोखंड कुठलं, हे विचारायला लाजू नका. ट्रकच्या कमानीचा पाटा असेल तर डोळे मिटून घ्या. कमानीचं पोलाद दणके खाऊन परत सरळ होण्यासाठीच बनवलेलं असतं, त्यात कार्बन पुरेसा असतो आणि ते पाणी चांगलं घेतं. बांधकामाच्या सळईचं किंवा साध्या पट्टीचं असेल तर धार दोन तासांत वळते. पाणी देणं म्हणजे पातं लाल तापवून बुडवणं, हे तुम्हाला माहीत असेल. पण नुसतं बुडवून सोडलेलं पातं काचेसारखं ठिसूळ होतं. म्हणून जाणता लोहार ते पुन्हा हलकं तापवतो आणि घासून उजळ केलेल्या भागावर रंग चढताना बघत बसतो: आधी गव्हाळ, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा. कोयत्याला जांभळ्या-निळ्याच्या आसपास थांबलेलं चांगलं. शिवाय पाणी फक्त धारेला द्यायचं आणि पाठ मऊ ठेवायची, म्हणजे दणका पाठ सोसते. घरी पारख करायची तर धारेवर बारीक कानस फिरवा. कानस लोण्यात शिरल्यासारखी चावली तर पाणी कमी, नुसती घसरली तर जास्त. थोडी कुरकुर करत चावली पाहिजे.

पात्यापेक्षा मुठीकडे मात्र दुप्पट लक्ष द्या. अपघात बहुतेक मुठीमुळे होतात. बाभळीची किंवा खैराची मूठ घ्या, सागाची नको. साग दिसायला छान, पण दणक्याने उभा फाटतो. मुठीच्या तोंडाशी लोखंडी कडं घट्ट बसलेलं हवं आणि पात्याचा दांडा मुठीत खोल गेलेला हवा. पार टोकाबाहेर काढून ठोकून वळवलेला असेल तर उत्तमच. एप्रिल-मेमध्ये लाकूड सुकून मूठ खुळखुळते. लोक ती रात्रभर पाण्यात ठेवतात, सकाळी घट्ट लागते, पण वाळली की आधीपेक्षा ढिली होते. त्यापेक्षा लोहाराकडून लाख भरून घ्या. आणि मुठीला दोरी बांधून ती मनगटात अडकवू नका. सुटलेला कोयता दूर जाऊन पडलेला परवडतो, मनगटाला लटकून आपल्याच मांडीवर आलेला परवडत नाही.

माझ्या पायाची गोष्ट. तिसरं वर्ष असेल. सुबाभळीचं एक लवलवतं झाड, मनगटाएवढं, डाव्या हाताने वाकवून धरलं आणि उजव्याने आडवा घाव घातला. ताणलेलं खोड फटकन सुटलं, कोयता सरकला आणि डाव्या नडगीत शिरला. पायात चप्पल, वर अर्धी पँट. पाच टाके आणि धनुर्वाताचं इंजेक्शन. वरून आईची बोलणी, ती टाक्यांपेक्षा लांबली.

त्यानंतर डोंगरावरच्या एका पाड्यातले मामा, जे अधूनमधून आमच्याकडे कामाला येतात, त्यांनी मला उभं राहायला शिकवलं. अक्षरशः उभं राहायला. डावा पाय मागे, उजवा थोडा पुढे पण घावाच्या रेषेबाहेर. घाव आडवा कधीच नाही, तिरका, आणि आपल्या अंगापासून दूर जाणारा. खोड डाव्या हाताने धरायचंच नाही. हातात आकड्याची काठी ठेवायची, तिने फांदी ओढून ताणायची आणि ताणलेल्या बाजूवर, बुंध्याजवळ घाव घालायचा. एका घावात तुटलं पाहिजे हा हट्ट सोडायचा. दोन तिरके घाव एकमेकांना भेटले की खोड आपोआप पडतं. मामा स्वतः दिवसभर असे घाव घालतात आणि संध्याकाळी त्यांचा कोयता कमरेच्या आकडीत इतका शांत लटकलेला असतो, जणू त्याने काही केलंच नाही. मी अर्ध्या तासात घामाने निथळतो. हात थकला की घाव खाली यायला लागतात. तेव्हा थांबा, पाणी प्या, चहा करा.

आणखी एक, खोड तिरकं तोडल्यावर जमिनीतून टोकदार खुंट उभा राहतो. गमबुटाचा तळवासुद्धा त्यातून फाटतो. शेवटचा छाट जमिनीलगत सपाट द्या.

इथे नव्या माणसाची हमखास चूक होते. घाणेरी वरून छाटली, जागा मोकळी दिसली, खूश होऊन घरी गेला. पुढच्या पावसात त्याच बुंध्यातून दहा फुटवे, आधीपेक्षा दाट. मी दोन वर्षं हा मूर्खपणा केला. घाणेरीचे फुटवे बुंध्याच्या जमिनीलगतच्या भागातून येतात. म्हणून कोयत्याने वरचा पसारा काढायचा, मग कुदळीने बुंध्याभोवती उकरून जमिनीखाली दोन-तीन इंचांवर मुख्य मूळ तोडायचं आणि तो बुंधा उलटा, मुळं आभाळाकडे करून वाळत टाकायचा. पाऊस पडून गेल्यावर जमीन मऊ असते तेव्हा हे निम्म्या कष्टात होतं. काळी फळं धरण्याआधी केलं तर सोन्याहून पिवळं, कारण बुलबुल ती फळं खाऊन बी सगळीकडे पेरत हिंडतात. ढीग पेटवू नका. पेटवलेल्या जागी घाणेरीच आधी उगवते, आणि वाऱ्यावर ठिणगी शेजारच्या सुक्या गवतात गेली की डोंगर पेटतो. आमच्या मागे मार्चमध्ये वणवे लागलेले मी कितीदा बघितलेत.

सगळंच तोडायचं नसतं, हेही सांगतो. कुंपणाच्या कडेची करवंदाची जाळी मी ठेवली आहे. तिच्याइतकं पक्कं कुंपण पैसे देऊन मिळत नाही आणि मे महिन्यात पोरं हात काळे करून येतात. मोठं झाड मात्र स्वतःच्या जागेतलं असलं तरी हात लावण्याआधी चौकशी करा. महापालिका किंवा नगरपरिषदेच्या हद्दीत १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली परवानगी लागते. आणि जागा खाडीकडे असेल तर खारफुटीची एक फांदीही नाही. उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये राज्यभर खारफुटी तोडायला बंदी घातली आहे, भोवतीच्या ५० मीटरच्या पट्ट्यासह.

जनावरांबद्दल. साप येणारच. बंद घर, उंदीर आणि दाट रान म्हणजे घोणस आणि नागाला निमंत्रण. सुरुवात कोयत्याने नाही, लांब काठीने करा. पुढे काठी आपटत जा, पाच मिनिटं थांबा, मग वाका. जुन्या विटांच्या, कौलांच्या ढिगात हात घालू नका. चावलाच तर आवळून बांधणं, कापणं, चोखणं यातलं काही नाही. पाय न हलवता १०८ ला फोन आणि सरकारी रुग्णालय, विषावरचं इंजेक्शन तिथे मिळतं. त्याखेरीज फांद्यांवर पानं शिवून केलेली तांबड्या मुंग्यांची घरटी आणि गांधीलमाश्यांची पोळी आधी डोळ्यांनी शोधा. दिवाळीनंतर गेलात तर खाजकुइलीच्या मखमली शेंगा बघून ठेवा. एकदा अंगाला लागली की त्या दिवशी पुढे काम होत नाही.

ब्रश कटर गवताला उत्तम. टाकळा, तेरडा, कंबरेएवढं गवत, एका सकाळी सहा गुंठे मोकळे. पण घाणेरीत त्याची गवत कापणारी नायलॉनची दोरी गुंडाळली जाते, आणि खडे बंदुकीच्या गोळीसारखे उडतात. तुमच्यासारखं रान वाढलेलं असताना आधी कोयता-कुदळ आणि पुढच्या वर्षापासून गवतासाठी यंत्र भाड्याने, हा क्रम मला पटतो. एकट्याने करणार असाल तर दाट घाणेरीच्या एका गुंठ्याला मला दीड सकाळ लागते. तुम्हाला पहिल्यांदा दोन धरा. गणपती झाल्यावर सुरू करा. खंडेनवमीला पूजेला ठेवाल तोवर कोयत्याची ओळख झालेली असेल.

धारेला कानस लावा, एकाच दिशेने, मग पाण्याच्या दगडावर चार हात. रस्त्यावरच्या ग्राइंडरवाल्याकडे देऊ नका. ठिणग्यांखाली धार निळ्याच्याही पुढे तापली की लोहाराने दिलेलं पाणी गेलं म्हणून समजा. दोन-तीन वर्षांनी पातं झिजलं की लोहाराकडूनच पाजवून आणा. काम झाल्यावर चीक पुसून खोबरेल तेलाचं बोट फिरवायचं, एवढंच. चामड्याच्या म्यानात पावसाळाभर ठेवलात तर आपल्या दमट हवेत तांबेरा चढलाच.

राहिला लोकलचा प्रश्न. कायद्याने शेतीच्या कामासाठी बनवलेलं अवजार शस्त्र ठरत नाही. नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याच्या हत्यारांना परवाना लागतो, त्यातून शेतीची आणि घरगुती अवजारं वगळली आहेत. पण पोलीस आयुक्तालयं महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली वरचेवर मनाई आदेश काढतात, आणि कोयता गँगच्या बातम्यांनंतर पिशवीतून डोकावणारी मूठ बघून डब्यातली माणसंच ओरडतील. ट्रान्स-हार्बरच्या, म्हणजे ठाणे-पनवेल लोकलच्या, गर्दीत हा वाद तुम्ही जिंकणार नाही. गाडी असेल तर धारेवर जुन्या सायकलचं टायर चिरून बसवा, गोणपाटात बांधा, डिकीत ठेवा, आणि कोणी विचारलंच तर कुदळ-घमेलंही दाखवा. गाडी नसेल तर कोयता पनवेललाच घ्या आणि शेजाऱ्यांच्या पडवीत ठेवून या. तेही वापरतील, आणि पुढच्या खेपेला जाल तेव्हा त्याला धार लावलेली असेल.