बेसचा सिग्नल फार हॉट येतोय? आधी तो पहिल्यांदा कुठे फाटतो ते शोधा

तुमची अडचण थोडक्यात अशी: नवा पाच तारांचा अ‍ॅक्टिव्ह बेस गिटार (आत बॅटरीवर चालणारं सर्किट असलेला; पॅसिव्हमध्ये ते नसतं), त्यापुढे प्रीअँप (सिग्नल वाढवणारं) पेडल, तिथून अँपचं इनपुट. गेनचा (अँपमध्ये शिरताना सिग्नल किती वाढवायचा त्याचा) नॉब जेमतेम वर उचलला की क्लिपचा लाल दिवा लागतो, जोरात वाजवलं की आवाज फरफरतो, आणि मास्टर (शेवटचा एकूण आवाज) खाली घेतला तरी फरफर तशीच. जुन्या पॅसिव्ह बेसला असं कधी होत नव्हतं. म्हणून अँप बदलावा का, असं विचारलंय.

एवढ्यात बदलू नका. मास्टर खाली घेऊनही फरफर राहते, यातच अर्धं उत्तर आहे. सिग्नल मास्टरपर्यंत पोचण्याआधीच फाटलाय. एखाद्या सर्किटच्या झेपेपलीकडे सिग्नल गेला की त्याची वरची-खालची टोकं छाटली जातात (हेच क्लिपिंग), आणि छाटलेली टोकं पुढचा कुठलाही नॉब परत आणून देत नाही. पुढे आवाज कमी केलात तर तोच फाटका आवाज हळू ऐकू येईल, बस. म्हणून शोध नेहमी बोटांकडून स्पीकरकडे जायला हवा. बहुतेक जण उलटे जातात, आधी स्पीकरला दोष देतात.

तुमच्याकडे सिग्नल वाढवणाऱ्या तीन जागा एकामागोमाग आहेत: बेसमधला प्रीअँप, पेडल आणि अँपचा स्वतःचा प्रीअँप. प्रत्येकावर खर्ज वाढवणारा 'बेस' नॉब आहे, आणि प्रत्येकावर तो 'थोडासाच' वर असणार. हिशेब करून बघा. 6 डेसिबल वाढवले की व्होल्टेज दुप्पट होतं, 12 डेसिबलला चौपट. बेसवर 6 आणि पेडलवर 6 दिलेत तर अँपच्या तोंडाशीच खालचे सूर चौपट होऊन येतात. जुन्या पॅसिव्ह बेसमध्ये यातली पहिली जागाच नव्हती.

आता सगळं सोडवा. पेडल, ट्यूनर, वायरलेस असेल तर तोही बाजूला. बेस, एक चांगली केबल आणि अँप, इतकंच. बेसवरचे टोनचे नॉब मधल्या खाचेवर, अँपचा ईक्यू (टोनचे नॉब) सपाट, गेन शून्यावर, मास्टर हळू. मग स्टेजवर ड्रमरच्या शेजारी जसं वाजवता तसं वाजवा. घरी एकटे बसून वाजवताना हात आपोआप हलका पडतो आणि त्या हाताने लावलेला गेन कार्यक्रमात हमखास फसतो. स्लॅप वाजवत असाल तर अंगठ्याचा सगळ्यात मोठा ठोका द्या. गेन हळूहळू वाढवा, त्या ठोक्यालाच दिवा क्षणभर लुकलुकला की तिथून जरासा मागे या. ही तुमची गेनची जागा. नॉब तेव्हा कुठल्या आकड्यावर आहे याला काही महत्त्व नाही.

गेन अगदी खाली असतानाही दिवा लागत असेल किंवा फरफर येत असेल, तर अँपच्या पहिल्याच टप्प्याला सिग्नल झेपत नाहीये. बऱ्याच अँपमध्ये हा टप्पा गेनच्या नॉबच्या आधी असतो, त्यामुळे तो नॉब फिरवून तिथे काही फरक पडत नाही. पॅड (सिग्नल आधीच कमी करणारं सर्किट) असतो तो यासाठीच. इनपुटपाशी 'अ‍ॅक्टिव्ह' किंवा उणे 10, उणे 15 डेसिबल असं लिहिलेलं बटण किंवा वेगळा जॅक शोधा. 15 डेसिबलचा पॅड व्होल्टेज साधारण साडेपाच पटीने खाली आणतो. त्यावरच्या 'अ‍ॅक्टिव्ह' या शब्दाने मात्र फसू नका. त्या बटणाला तुमच्या बेसमध्ये बॅटरी आहे की नाही हे कळत नाही, ते फक्त सिग्नल कमी करतं. जोरदार पिकअपच्या पॅसिव्ह बेसला ते खुशाल दाबा, आणि मवाळ अ‍ॅक्टिव्ह बेसला नको असेल तर सोडून द्या.

पॅड लावूनही, गेन खाली ठेवूनही, दिवा बंद असतानाही फाटत असेल, तर संशय बेसवरच. आणि तिथे पहिली गोष्ट बॅटरी. हे मी अनुभवाने सांगतोय. माझ्या एका बेसचा आवाज तालमीच्या दुसऱ्या तासाला खरखरायला लागायचा आणि पहिल्या तासात ठणठणीत असायचा. मी कॅबिनेट उघडून स्पीकरच्या कोनवर (हलणाऱ्या पडद्यावर) बोटं फिरवून चीर शोधली, दोन केबली बदलल्या. शेवटी मागचं झाकण काढून मीटर लावला. बॅटरी नुसती मोजली तर साडेआठ व्होल्ट दाखवत होती, पण जॅक लावून बेस चालू ठेवला की सात सव्वासातावर यायची. 9 व्होल्टच्या सर्किटला मुळात दोन्ही दिशांना साडेचारच्या आतबाहेरच जागा असते, त्यात बॅटरी खचली की मोठे ठोके आधी फाटतात आणि हलकं वाजवलेलं छान वाटत राहतं. म्हणून मोजायची तर जॅक लावूनच मोजा, आणि वाजवून झालं की केबल काढून ठेवा. बहुतेक अ‍ॅक्टिव्ह बेसमध्ये जॅक खोचला की बॅटरी चालू होते.

बॅटरी नवी असेल तर पिकअपची उंची बघा. शेवटचा फ्रेट दाबून तार आणि पिकअप यांच्यातलं अंतर पाहा. तार जवळजवळ टेकत असेल तर स्क्रू अर्धा-अर्धा फेरा फिरवत पिकअप खाली घ्या. सिग्नल थोडा कमी होईल, तारेचा श्वासही मोकळा होईल. कुठलाही पॅड विकत घेण्याआधी मी हे करेन.

बेस एकटा स्वच्छ वाजला की पेडल परत जोडा. पेडल चालू-बंद करून आवाज सारखाच राहील इतकी त्याची लेव्हल ठेवा. अनेकदा इथेच प्रश्न संपतो. पेडलचा टोनच आवडत असेल आणि अँपच्या मागे इफेक्ट रिटर्न (अँपच्या प्रीअँपनंतर आत शिरणारा जॅक) असेल, तर पेडलचं आउटपुट थेट तिथे द्या. अँपचा प्रीअँप वाटेतून निघून जातो, एक टप्पा कमी. पण काही अँपमध्ये त्यासोबत मास्टरही वाटेतून जातो, म्हणून पेडलची लेव्हल शून्यावर ठेवूनच सुरुवात करा.

एक शक्यता उरते, आणि पाच तारांमुळे ती तुमच्याबाबत दुर्लक्षून चालणार नाही. फरफर फक्त जाड तारेलाच येते, दिवा बंद असतो, आणि मास्टर खाली घेतला की जाते, असं असेल तर ते क्लिपिंग नाही, स्पीकरचा कोन त्याच्या मर्यादेबाहेर हलतोय. मोकळी ई तार सुमारे 41 हर्ट्झची, मोकळी बी सुमारे 31 ची. तितकाच आवाज द्यायला सप्तक खाली गेल्यावर कोनला चौपट हलावं लागतं, ई वरून बी ला पावणेदोन पट. पोर्ट (हवेचं भोक) असलेल्या कॅबिनेटमध्ये तर ते पोर्ट ज्या सुराला जुळवलेलं असतं त्याखाली कोनला हवेचा आधारच उरत नाही. तिथे खर्जाचा 'बेस' नॉब खाली घ्या किंवा 35 हर्ट्झच्या आसपास हाय-पास फिल्टर (त्याखालचे सूर कापणारा) लावा. खर्जाचा भराव आपल्याला बराचसा वरच्या हार्मोनिकमधून (मूळ सुराच्या पटींतल्या सुरांमधून) ऐकू येतो, त्यामुळे गमावल्यासारखं फारसं वाटत नाही.

क्लिपिंग की स्पीकर असा गोंधळ होत असेल तर फोनवरचं भरपूर खर्ज असलेलं एखादं गाणं इफेक्ट रिटर्नला द्या, फोनचा आवाज शून्यापासून हळूहळू वाढवत. नेहमीच्या मोठ्या आवाजातही ते स्वच्छ वाजलं तर पॉवर अँप (अँपचा स्पीकर चालवणारा भाग) आणि स्पीकर ठीक आहेत, आणि दोष बेस, पेडल किंवा अँपच्या पुढच्या भागात आहे. तेही फाटलं तर वरचं सगळं सोडा, कॅबिनेटकडे वळा.

हे करून कुठल्या पायरीला फरफर गेली, पॅडचं बटण आहे का, आणि अँपच्या मागे कुठले जॅक आहेत, एवढं लिहा. पुढचं त्यावरून सांगतो.