तांबेरा प्रतिकारक गव्हावर तांबेरा आला, म्हणजे बियाणं खोटं होतं का?

तुमच्या सिन्नरच्या मेहुण्यांनी तांबेरा प्रतिकारक म्हणून घेतलेला गहू काही वर्षं छान आला आणि मग त्यावरच तांबेरा पडला. एकदाच कायमचा पक्का वाण का काढत नाहीत, असं तुम्ही विचारलंय.

बियाणं खोटं असेलच असं नाही. तांबेरा हा बुरशीचा रोग. वाण तोच राहतो, बुरशी बदलते. मी दापोलीचा, पीक पैदास, म्हणजे नवीन वाणं काढणं, शिकलो ते भातावर, कारण गव्हाला लागणारी थंडी आमच्या किनाऱ्यावर नाही. पण भातावरच्या करपा या बुरशीच्या रोगाचं दुखणं हेच आहे. शिवाय आंबेनळी घाट चढून वर गेलं की महाबळेश्वरला गहू तांबेरा संशोधन केंद्र आहे.

अशा ठिकाणी वाणं पारखायला रोग मुद्दाम आणतात. चाचणीच्या ओळींभोवती आग्रा लोकल, लाल बहादूर अशी हमखास बळी पडणारी वाणं पेरायची, संध्याकाळी बीजाणू पाण्यात कालवून फवारायचे, म्हणजे रात्रभर ओल्या पानावर ते रुजतात. पुढे पानावर बोट फिरवलं तर नारिंगी भुकटी हाताला लागते. मग ओळीओळीने नोंद: ‘40 एस’ म्हणजे ठरलेल्या मोजपट्टीवर रोगाची तीव्रता 40 टक्के आणि झाड रोगाला बळी पडणारं.

आता खरी गोम. एकही पुळी, म्हणजे तांबेऱ्याचा फोड, नसलेली ओळ बघून कुणालाही वाटेल, हीच निवडावी. पण ती बहुतेकदा एकाच मोठ्या जनुकावर उभी असते, आणि बुरशीत एखादा बदल झाला की ते कुलूप उघडतं. राय या धान्यातून गव्हात आणलेलं एसआर 31 हे जनुक जगभर खोडावरच्या काळ्या तांबेऱ्याला अडवत होतं. 1998 मध्ये युगांडात त्यालाही न जुमानणारी बुरशीची जात सापडली, तीच युजी 99.

म्हणून जाणते पैदासकार थोडा तांबेरा असलेली, पण तो सावकाश वाढणारी झाडंही जपतात. एलआर 34 हे असंच जनुक. रोपावस्थेत ते फारसं कामाचं नाही, मोठ्या झाडात मात्र रोग रेंगाळतो, आणि कित्येक दशकं वापरूनही ते टिकून आहे. अशी तीन-चार जनुकं एकाच वाणात गोळा करायला वर्षानुवर्षं संकर आणि निवड करावी लागते. मला हेच काम सर्वांत मोलाचं वाटतं. आपल्या खपली गव्हाचाही यात वाटा आहे, एसआर 13 हे जनुक खपलीतूनच नेहमीच्या गव्हात गेलं.

मैदानातल्या उन्हाळ्यात तांबेरा तग धरत नाही. वनस्पतिरोगतज्ज्ञ के. सी. मेहता यांनी दाखवून दिलं की तो डोंगरांत जगतो आणि वाऱ्याबरोबर दरवर्षी खाली येतो. आपल्याकडे मुख्यतः दक्षिणेतल्या निलगिरी-पळणी डोंगरांकडून. त्यामुळे एका शेतातून तो संपवून भागत नाही.

मेहुण्यांना सांगा, जुनं वाण सवयीने धरून ठेवू नका. निफाडच्या गहू संशोधन केंद्रात सध्या कोणतं वाण टिकतंय ते विचारा, शक्यतो दोन वेगळी वाणं लावा, पेरणी वेळेवर करा आणि युरिया बेताने द्या. पानावर पहिल्या पुळ्या दिसताच प्रोपिकोनॅझोल 25 ईसी, लिटरला 1 मिली, फवारा. सगळं शेत नारिंगी झाल्यावर फवारून पैसे वाया जातात.