मँडरीन जेवत नाही? आधी आर्टेमिया जमव
मँडरीन मासा खाण्याच्या गोळ्यांकडे ढुंकूनही बघत नाही, यात तुझं काही चुकलेलं नाही. दिवसभर दगडांवरचे कोपेपॉड (पाण्यातले बारीक कवचधारी जीव) टिपत फिरणारी जात ती.

सुरुवात आर्टेमियाच्या, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या कोळंबीसारख्या बारीक जीवाच्या, अंड्यांपासून कर. लिटरभर पाण्यात साधारण 25 ग्रॅम मीठ, 27-28 अंश तापमान, वर दिवा आणि तळातून जोरात हवा. 24 तासांत नारिंगी ठिपके वळवळताना दिसतील. मग हवा बंद करून तळाशी टॉर्च धर. पिल्लं उजेडाकडे गोळा होतात, टरफलं वर तरंगतात. पिल्लं खालून नळीने ओढ, गाळ, धुऊन मगच टाकीत सोड.

नवखे चुकतात ते इथे:

- पिल्लं दोन दिवस उपाशी ठेवतात. अंगातला बलक संपला की त्यांच्यात फारसा कस उरत नाही. ताजीच घाल.
- मोठा आर्टेमिया रिकाम्या पोटी देतात. आधी त्याला सूक्ष्म शेवाळ खाऊ घाल.
- कोपेपॉड वाढवायच्या बरणीत हिरवं पाणी (सूक्ष्म शेवाळाचं) ओतत सुटतात. माझी पहिली बरणी अशीच कुजली. तो वास अजून नाकात आहे! फिकट हिरवं पुरे, निवळलं की पुन्हा थोडं.

मँडरीनला नुसत्या आर्टेमियावर ठेवू नकोस, कोपेपॉडची बरणी आजच लाव. गोठवलेल्या खाण्याची सवय नंतर बघू.